एक्सेल आहे, शर्ट एकच आहे

रोम, मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मन्या,

पोचलो. म्हणजे आम्ही दोघं पोचलो, मोठी बॅग नाही. हस, पोट भरून हस, तुझा हक्कच आहे तो. आदल्या दिवशी तू फोनवर बोंबलत होतास की एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत टाक म्हणून, आणि मी तुलाच वर ऐकवलं की बँकॉकला तुझं जे झालं ते तुझ्या वेंधळेपणामुळे, माझं सगळं एक्सेलमध्ये आहे. ते एक्सेल आहे अजून मोबाईलमध्ये. शर्ट एकच आहे, तो आत्ता धुऊन खिडकीत टाकलाय आणि मी टॉवेल गुंडाळून तुला लिहितोय.

झालं असं की मुंबईतूनच विमान उशिरा सुटलं. मध्ये आखातात विमान बदलायला सव्वा तास होता त्याची राहिली पस्तीस मिनिटं. आम्ही धावलो आणि पोचलो, बॅगेला कोण धावायला सांगणार. फ्युमिचिनोला, म्हणजे रोमच्या एअरपोर्टवर, उतरलो तर त्या पट्ट्यावर एकच लाल सुटकेस गोल गोल फिरतेय आणि ती आमची नाही. मग हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर लाईन. तिथे बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता असतो बघ, शाळेतल्या फळं-भाज्यांच्या तक्त्यासारखा, त्यातली आपल्यासारखी दिसणारी बोटाने दाखवायची. रंग काळा. आता जगातली अर्धी जनता काळीच बॅग घेते. मग ही म्हणाली की हँडलला आईंच्या जुन्या इरकलीचा काठ बांधलाय, आणि तो इंग्लिशमध्ये कसा सांगायचा यात आमची पाच मिनिटं गेली. नंतर तो माणूस विचारतो, आत काय आहे, ओळख पटेल असं? आणि मी गडबडीत जे पहिलं आठवलं ते सांगून टाकलं, रेड पावडर, हाफ किलो. मन्या, त्याचं पेन थांबलं रे! हिने मला कोपराने ढोसलं. मग चटणी, पीनट, मदर, होममेड असं सगळं हातवारे करून सांगितल्यावर त्याने काय लिहिलं देव जाणे. एक कागद मिळाला, त्यावर दहा अक्षरांचा नंबर, पहिली तीन एअरपोर्टची, मग दोन कंपनीची, मग आकडे. तो नंबर वेबसाईटवर टाकून बघायचा, मी आतापर्यंत चाळीसेक वेळा टाकलाय, शोध चालू आहे एवढंच येतं. 21 दिवसांत नाही मिळाली तर हरवली असं धरतात म्हणे. ही आजपासून दिवस मोजतेय.

इथवर माझी चूक नव्हती. पुढची मात्र माझीच.

एअरपोर्टवरून गावात जायला थेट टर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला, जाणारी ट्रेन आहे, बत्तीस मिनिटं, माणशी 14 युरो. शेजारच्याच प्लॅटफॉर्मवर दुसरी उभी होती, 8 युरोवाली. आपलं सांगलीचं डोकं, लगेच हिशोब, दोघांचे 12 युरो वाचले! ही म्हणत होती की अहो एकदा विचारा कुणाला तरी, मी म्हटलं दोन्ही रोमलाच जातात की. जातात, पण ही स्वस्तवाली गाडी टर्मिनीला जातच नाही, रोमच्या कडेकडेने ओस्तिएन्से, तिबुर्तिना करत सरळ पुढे निघून जाते. तिबुर्तिनाला उतरून मेट्रो धरली असती तरी जमलं असतं, पण रात्रभर झोप नाही, त्यात ऊन छान पडलेलं, दोघंही डुलकी काढत बसलो. टीसीने उठवलं तेव्हा बाहेर शेतं. त्यात तिकीट मशीनमध्ये टाकून शिक्का मारून घ्यायचं असतं तेही राहिलेलं. दंड किती भरला ते विचारू नकोस, हिलाही खरा आकडा सांगितलेला नाही. फारा साबिना नावाच्या स्टेशनवर उतरलो, कॉफीचं दुकान सोडलं तर चिटपाखरू नाही, तिथे बाकावर बसून हिच्या पर्समधले राजगिऱ्याचे लाडू खाल्ले आणि परत जाणाऱ्या गाडीची वाट बघितली. खरं सांगू का, दिवसभरात तेवढाच अर्धा तास बरा गेला.

तोवर साडेचारच्या कोलोसियमच्या बुकिंगची वेळ टळून गेली होती. 18 युरोचं एक, तिकिटावर नाव छापलेलं, वेळ ठरलेली, पैसे परत नाहीत. पहिल्याच दिवशी साडेचारचा स्लॉट कुणी घेतला? एक्सेलने. म्हणजे 12 वाचवले आणि 36 घालवले, दंड वेगळा.

रूम मोंती भागात आहे, कावूर मेट्रोपासून जवळ, जागा झकास. हातपाय धुवायला गेलो, नळावर एका बाजूला सी, एका बाजूला एफ. सी म्हणजे कोल्ड, हे काय विचारायचं? सोडला पूर्ण आणि हात धरला खाली. कढत पाणी रे! इथे सी म्हणजे काल्दो, म्हणजे गरम. बोटं अजून लाल आहेत.

पण संध्याकाळी एक मजा झाली. गल्लीत लोखंडी नळ असतात, खांबासारखे, वाकडी तोटी, पाणी चोवीस तास वाहतं आणि पिण्याचं असतं, नाझोने म्हणजे मोठं नाक म्हणतात त्याला. मी वाकून ओंजळीने पिताना अख्खी पँट भिजवली. एक आजी कुत्रं घेऊन उभ्या होत्या, त्या पुढे आल्या, तोटीचं तोंड बोटाने दाबलं, तर वरच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडाली, उभ्या उभ्या प्यायची! मग मीही दाबलं, पण जरा जोरात, ते गेलं कुत्र्यावर.

बरं एक काम कर. आईचा फोन आला तर बॅगेचं काही बोलू नकोस. मी तिला सांगितलंय की चटणी पहिल्याच दिवशी अर्धी संपली.

तुझा,
बाळ्या

ता. क. शर्ट वाळत नाहीये.