जळगाव शाखेने आमच्या जुन्या नाण्यांची मोड केली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय: चांदीचे ११ रुपये न सांगता मोडीत घेणं आणि १९१८ च्या सोन्याच्या नाण्याला कानस मारणं

नमस्कार साहेब,

मी अमळनेरहून लिहितोय. गेल्या महिन्यात मी आणि माझी आई तुमच्या जळगावच्या शाखेत गेलो होतो. बहिणीच्या मुलाला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, फी भरायची होती, म्हणून आईने तिची कडी लावलेली गिनी (इंग्रजांच्या वेळचं सोन्याचं नाणं) विकायचं ठरवलं, आणि सोबत घरातली बाकीची जुनी नाणी घेतली ती फक्त दाखवायला, भाव विचारायला. विकायला नाही. हे मी काउंटरवर पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, तुमच्या कॅमेऱ्यात आवाज येत असेल तर ऐकून घ्या.

जळगावलाच का गेलो तेही सांगतो. जळगाव म्हणजे सोन्याचं गाव, लांबलांबून लोक इथं सोनं घ्यायला येतात कारण इथल्या कसावर विश्वास आहे. आणि तुमच्या दुकानाबाहेर मोठा बोर्ड आहे, सोनं चांदी आणि जुनी नाणी, योग्य भाव, लगेच पैसे. जुनी नाणी हे शब्द तुम्हीच लिहिलेत. ऑनलाइन विकायची तर भीतीच वाटते, जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून फोन येतात आणि आधी कमिशन भरा म्हणतात, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्वतः सांगितलं की आमचं नाव वापरून हे चाललंय, याच्याशी आमचा काही संबंध नाही. म्हणून म्हटलं समोर काउंटर असलेलं, बोर्ड असलेलं, पावती देणारं दुकान बरं.

आता काय काय नेलं होतं ते लिहितो, कारण तुमच्या पावतीवर त्यातलं काहीच नाही.

एक गिनी, तिला पणजीच्या काळातच कडी लावलेली. कडी लावली, डाग दिला म्हणजे झाळलं, की नाणी जमवणाऱ्याच्या दृष्टीने ते नाणं गेलं, त्यामुळे ती सोन्याच्या भावात जाणार हे मला मान्य होतं आणि त्याबद्दल माझी मुख्य तक्रार नाही (घट जास्त कापली, ते पुढे लिहिलंय).

दुसरं, सोन्याचं १५ रुपयांचं नाणं, साल १९१८. एका बाजूला मुकुट घातलेला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या आत १५ रुपये. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीत हे पाडलं, वजन आणि कस अगदी गिनीचाच, ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट. १५ रुपयांचं हे सोन्याचं नाणं फक्त त्या एका वर्षाचं आहे. पणजोबांनी कापसाच्या पैशातून घेऊन ठेवलं असं घरात सांगतात. त्याला कडी नव्हती, भोक नव्हतं, कड एकदम धारदार होती.

आणि चांदीचे ११ रुपये, आमच्याकडे कलदार म्हणतात. त्यातले चार १८६२ सालचे राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे, दोन १८७७ नंतरचे ज्यावर क्वीनच्या जागी एम्प्रेस आलं, दोन सातव्या एडवर्डचे, तीन पंचम जॉर्जचे. या तिघांतला एक १९११ चा. नाणी जमवणाऱ्या कुणालाही १९११ म्हटलं की कळतं, राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरलाय त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं, लोक भडकले, आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. १९११ चे बरेचसे परत घेऊन आटवले, म्हणून उरलेल्याला मागणी. तसंच १८६२ चं. ते साल घातलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडत राहिले, आणि कुठला कधीचा हे त्यावरच्या बारीक ठिपक्यांवरून ओळखतात, ठिपके बदलले की किंमत बदलते. म्हणजे चार सारखे दिसणारे रुपये हे चार वेगळ्या किमतीचे असू शकतात. हे बघायला भिंग लागतं, तराजू पुरत नाही.

तुमच्या माणसाने काय केलं? मला म्हणाला आधार आणि पॅनची झेरॉक्स लागेल, शाखेतलं मशीन बंद आहे, समोरून काढून आणा. मी खाली गेलो, तिथं लाईन होती. तेवढ्या वेळात त्याने आईला सांगितलं की मावशी ही चलनातून बंद झालेली नाणी आहेत, यांना चांदीपेक्षा एक रुपया जास्त कुठंच मिळणार नाही, गिनीसोबत आत्ताच घालून टाका म्हणजे एकाच पावतीत होईल. आणि तिने हो नाही म्हणायच्या आधी मळ वजनात येतो म्हणून पांढरी पावडर घेऊन नाणी घासायला सुरुवात. आई म्हणाली, काब्र घशी राह्यना रे भाऊ (का घासतोयस)? तर म्हणे स्वच्छ केल्यावर भाव चांगला येतो. साहेब, हे सरळ सरळ खोटं आहे. जुन्या चांदीवर जो काळसर थर चढतो तोच बघून जमवणारा पैसे देतो, घासलेलं नाणं हातात घेतलं की पहिल्या नजरेत कळतं आणि किंमत तिथंच पडते. शंभर दीडशे वर्षांत जे चढलं ते तुमच्या माणसाने पाच मिनिटांत उतरवलं.

मी परत आलो तेव्हा ११ ही रुपये प्लास्टिकच्या पिशवीत सील झालेले आणि पावतीवर आईची सही घेतलेली. पावती इंग्रजीत. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी म्हटलं पिशवी उघडा, तर सिस्टीममध्ये एन्ट्री झाली आता कॅन्सल होत नाही. कोणती सिस्टीम आहे जी घ्यायला दोन मिनिटं आणि परत द्यायला कधीच नाही?

पावतीवर काय लिहिलंय बघा: जुनी चांदी, १२६.४ ग्रॅम, शुद्धता ८० टक्के. नग किती नाही, साल नाही, नाणी हा शब्दसुद्धा नाही. आता ८० टक्के कुठून आणलं? राणीछापापासून पंचम जॉर्जपर्यंतचे रुपये सरकारी टांकसाळीचे, एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम वजन, चांदी ९१.७ टक्के ठरलेली. ५० टक्क्यांवर चांदी आली ती १९४० मध्ये, आमच्यातला एकही त्यानंतरचा नाही. म्हणजे नाणं म्हणून किंमत दिली नाही ते वेगळंच, नुसती चांदी म्हणून हिशोब केला तरी जवळपास १५ ग्रॅम शुद्ध चांदीचे पैसे कमी दिले. कस तपासायच्या मशीनवर लावली होती का? लावली असेल तर त्याची स्लिप द्या. आम्हाला दिलेली नाही.

आता सोन्याच्या १५ रुपयांबद्दल, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ते मी विकतच नव्हतो. भाव विचारला, तो म्हणाला मशीनवर लावून आणतो, आत घेऊन गेला. एक्स-रेचं मशीन नाण्याला काही करत नाही, म्हणून मी दिलं. परत आणलं तेव्हा कडेला कानस मारलेली, चांगली दोन-तीन मिलिमीटर, आणि त्यावर तेजाबाचा डाग. विचारलं तर म्हणे आत पितळ असू शकतं, खात्री करावी लागते. मान्य, मशीन वरवरचंच वाचतं, वरून मुलामा असेल तर फसू शकतं, हा मुद्दा मी नाकारत नाही. पण मग वजन करा, व्यास मोजा, पाण्यात वजन करा, नकली माल त्या सगळ्यात एकत्र पास होत नाही. आणि एवढं करूनही कापायचंच असेल तर ज्याचं नाणं आहे तो समोर उभा आहे, त्याला विचारा ना! वर तोच माणूस मला म्हणतो, आता तसंही खराब झालंय, घालूनच टाका. मी दिलं नाही. घरी आणलं. आईने ते पदराने पुसलं आणि कपाटात ठेवलं, त्या दिवसापासून ते बघायला काढलेलं नाही.

आमच्या अमळनेरचे जुने सराफ असं करत नाहीत. मोडीच्या डब्यात राणीछाप निघाला तरी बाजूला काढतात आणि म्हणतात भाऊ, हा एखाद्या नाणीवाल्याला दाखव, चांदीत घालू नको. त्यांच्याकडे एसी नाही की टोकन नंबर नाही. तुमच्याकडे सगळं आहे, मग एवढं शिकवायला काय हरकत होती? खान्देशात घरोघरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात असे रुपये असतात, बुऱ्हाणपूरची टांकसाळ आपल्या शेजारची, होळकरांचा चांदवडी रुपया याच भागात चालायचा, म्हणजे तुमच्या काउंटरवर फक्त इंग्रजांचीच नाही तर मोगल आणि होळकरांच्या काळातली नाणीही येत असणार, आणि तीही अशीच घासून पिशवीत जात असणार. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही, आणि तुमच्याकडे त्याची नोंद जुनी चांदी. माहीत नसेल तर विचारायला जागा आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो. ते ११ रुपये अजून आटवायला गेले नसतील तर आजच थांबवा आणि परत द्या, दिलेले पैसे आम्ही त्याच दिवशी परत करतो. आटवले असतील तर कधी, कुठं, त्याचा कागद द्या. घरून निघायच्या आधी मी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे मोबाईलवर फोटो काढलेत, त्यावरून नाण्यांच्या जाणकाराकडून किंमत ठरवून फरक द्या, कमीत कमी ९१.७ टक्क्यांनी चांदीचा फरक तर लगेच द्या, त्याला जाणकार लागत नाही. १५ रुपयांच्या नाण्याचं नुकसान भरून द्या. गिनीत तुम्ही आटवणीची घट ३ टक्के आणि वर टेस्टिंग चार्ज कापलाय, आटवण्याआधीचं आणि नंतरचं वजन दाखवा. आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज पुसू नका, हे पत्र त्यासाठीची लेखी सूचना समजा.

शाखेतून मला सांगितलं की तुम्ही विकणारे आहात, ग्राहक नाही, तक्रार बसत नाही. टेस्टिंगचे पैसे तुम्ही आमच्याकडून कापून घेतले, पावतीवर तसं लिहिलंय, म्हणजे सेवा दिली आणि तिचा मोबदला घेतला. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करणार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, चांदीचं आणि सोन्याचं वजन कसं केलं यासाठी वैधमापनशास्त्र विभागालाही कळवणार.

आणि एक, हे माझ्यापुरतं नाही. बोर्डवरचा जुनी नाणी हा शब्द काढा, नाहीतर त्याच्याखाली मराठीत लिहा की आम्ही फक्त धातूचा भाव देतो, संग्रहाची किंमत देत नाही, आणि विचारल्याशिवाय नाणं घासणार कापणार नाही. म्हातारी माणसं एकटी येतात तुमच्याकडे, त्यांना आत जायच्या आधी हे वाचता आलं पाहिजे.

पावतीची कॉपी, नाण्यांचे आधीचे फोटो आणि कानस मारलेल्या कडेचा फोटो सोबत जोडलाय. उत्तर मराठीत आणि लेखी द्या, आईच्या नावाने, कारण पावती तिच्या नावावर आहे. फोनवर समजूत काढायला कुणाला लावू नका.

कळावे,
आपला ग्राहक
अमळनेर, जि. जळगाव