आधी गाडी, मग कौल

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अर्धवटच राहिलं. रेंज गेली आणि मग माझी आयसीयूतली नाइट ड्युटी सुरू झाली. म्हणून सवडीने लिहिते आहे. वाडीतल्या पोराला राबासाठी पातेरा गोळा करताना विंचू चावला. तुम्ही त्याला देवळात घेतलंत, अंगारा लावलात, काळकाई देवीला कौल लावला. कौल उजवा झाला, म्हणजे देवीचा होकार आला, मग जीप काढून महाडला नेलं, आणि पोरगं तिसऱ्या दिवशी घरी आलं. "आता तूच सांग, देवीने वाचवला की डॉक्टरने?"

बाबा, औषधाने वाचवला. तुम्हाला दुखवायचं म्हणून लिहीत नाही. हे गुळमुळीत ठेवलं तर पुढच्या वेळी कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

तुम्ही सांगितलंत की पोराला दरदरून घाम सुटला होता, उलट्या होत होत्या आणि हातपाय गार पडले होते. ही लाल विंचवाची खूण. काळा विंचू दिसायला मोठा, पण सहसा नुसतंच दुखवतो. लाल विंचू लहान, आणि त्याचं विष थेट हृदयावर जातं. अंगातली ॲड्रेनलीनसारखी रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला पुढे रक्त ढकलणं जड होत जातं आणि शेवटी फुफ्फुसात पाणी भरतं. मग खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. हे सगळं काही तासांत होतं. तुम्ही कौल लावत होता तेव्हा त्या पोराच्या अंगात हेच चाललं होतं.

आपल्या भागात अशी माणसं किती गेली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांत दहातले तीन-चार दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास सगळं टिपून ठेवलं. 1982 साली ती निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी यासाठी वापरली. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनवर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ज्या मरणाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'दिवस भरले' म्हणत आले, ते टळू शकतं हे महाडच्या मातीत, आपल्याच माणसांवर उपचार करून सिद्ध झालं. (ती गोळी घरात आणून ठेवू नका हं. रक्तदाब एकदम खाली येतो. ती डॉक्टरांनी, रुग्णाला आडवं ठेवूनच द्यायची.)

तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांत देवळात आलेले कितीतरी जण नुसत्या अंगाऱ्याने बरे झाले. झाले, मी नाकारत नाही. पण बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. काळ्या विंचवाची कळ रात्रभर राहून सकाळी आपोआप उतरते. ही सगळी माणसं अंगारा न लावताही वाचली असती. ती वाचली की देवीचं नाव झालं आणि गेलेल्यांचं 'प्रारब्ध' झालं. वाचलेले पुढच्या वर्षी नारळ घेऊन येतात म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर राहतात. गेलेल्यांची मोजदाद देवळात कोण ठेवणार?

सापाचं तर आणखी कठीण. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. जवळपास सगळी खेड्यातली, त्यातली निम्मी पावसाळ्यात. नाग, मण्यार, घोणस आणि आपल्या कातळावरचं फुरसं, या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष आहे. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते काढतात. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेने ते वर्षानुवर्षं बनवलं. पण ते शिरेतूनच द्यावं लागतं आणि वेळेत द्यावं लागतं. मण्यारीचं तर चावलेलं दिसतही नाही, दुखतही नाही. झोपेत चावते, पहाटे पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. अशा माणसाला "काही होत नाही, अंगारा लाव नि पड" म्हणणं म्हणजे काय होतं ते मी पाहिलं आहे. त्यावर जास्त लिहवत नाही.

आता तुमच्या बाजूचं लिहिते, कारण तेही तितकंच खरं आहे.

विज्ञान आपणहून वाडीवर चालत येत नाही. प्रतिविषाची कुपी कुठेतरी फ्रिजमध्ये असते आणि पेशंट डोंगरावर असतो. मधला रस्ता, मधली जीप, डिझेलचे पैसे, रात्री दोनला उठणारा माणूस, यातलं काहीच प्रयोगशाळेत तयार होत नाही. औषधही सर्वगुणसंपन्न नाही. घाटातल्या चापडा सापाच्या विषासाठी हे प्रतिविष बनवलेलंच नाही. आणि आमच्या आयसीयूत मॉनिटर सगळं दाखवतो, पण दाराबाहेर बसलेल्या आईच्या पोटातला गोळा त्यात दिसत नाही. सलाईन लावताना पेशंटच्या मनगटावरचा गंडा आड येतो. मी तो कापत नाही, वर सरकवते आणि खाली सुई लावते. हात सुजला असेल तर मात्र कापावाच लागतो. तेव्हा तो दोरा मी बाहेरच्या माणसाच्या हातात नेऊन देते, कचऱ्यात टाकत नाही. औषध गेल्यानंतर वाट बघण्याचे जे तास असतात, त्यात त्या माणसाला धरायला काहीतरी लागतं. ते मी देऊ शकत नाही.

आई, मावशीच्या आजारपणात तुम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होता, आठवतंय? उपचार टाटा हॉस्पिटलमध्ये. तिथलं मशीन नसतं तर मावशी वाचली नसती, आणि धर्मशाळा नसती तर तुम्ही मुंबईत टिकलाच नसता. ज्यांच्या नावाने ती उभी आहे ते गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनात नवस आणि बोकड कापणं सोडा म्हणून सांगत हिंडले. लोकांनी ऐकलं, कारण सांगणारा देवाचं नाव घेणारा होता. तेच शहरातल्या साहेबाने येऊन सांगितलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

म्हणूनच बाबा, तुमच्याकडे मागणं आहे. मी किंवा आरोग्यसेविका घसा कोरडा करून सांगू, पण गावात शब्द चालतो तो तुमचा. शिमग्याची गावकीची बैठक होईल तेव्हा तुम्ही उभं राहून सांगा, की साप-विंचू चावला तर आधी गाडी, कौल मागाहून. पेशंट वाटेला लागला की तुम्ही देवळात बसून हवा तेवढा वेळ गाऱ्हाणं घाला. त्याला माझा विरोध नाही, उलट त्याच्या घरच्यांना तेवढाच धीर. देवीला विचारायचंच असेल तर 'नेऊ का?' असं विचारू नका. कौल डावा झाला तर काय करणार तुम्ही? त्या प्रश्नाचं उत्तर देवीवर टाकणं मला तरी बरोबर वाटत नाही.

दुसरं, सभामंडपासाठी मुंबईकर मंडळाचे पैसे यायचे आहेत. त्यातले थोडे 'रात्रीची गाडी' म्हणून बाजूला काढा. तिन्ही वाड्यांतल्या जीपवाल्यांची पाळी लावा, 108 आणि त्यांचे नंबर देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. आणि साप चावला की पेशंटला चालवायचं नाही, चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, वर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, हेही त्याच भिंतीवर येऊ द्या.

कायद्याचं सांगितलं तर तुम्ही म्हणाल लेक धमकावते. पण ठाऊक असू द्या. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. तुम्ही रोखलं नाहीत, पण कौलात जो वेळ गेला तो त्या पोराचा होता.

आई, पेंढ्याची उडवी घराच्या भिंतीला लागून रचली आहे ती या वर्षी लांब हलवून घे. सरपण काढताना हात घालण्याआधी काठीने हलव. अंधारात गोठ्यात जाताना बॅटरी आणि पायात बूट, कितीही कंटाळा आला तरी. बाबांची रक्तदाबाची गोळी महिनाअखेरीस संपेल, मी येताना आणते.

शिमग्याला पालखी घरी येईल त्या दिवशी मी सुट्टी टाकली आहे. बैठक त्याआधी असेल तर काय ठरलं ते मला कळवा.

तुमची,
लेक