ताई, तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत त्याबद्दल

ताई,

नाव घातलंस तर बघ, असा दम तुम्ही दिला आहे, म्हणून नुसतंच ताई. नेटवर्क टीमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसणाऱ्या आणि कुणी अडचण घेऊन आलं की आधी "तू काय काय करून पाहिलंस?" एवढंच विचारणाऱ्या. ओळखणारे ओळखतील.

मी तेव्हा हेल्पडेस्कवर होतो. शिक्षण कॉमर्सचं. दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे आणि प्रिंटर का रुसलाय ते बघायचं. सहा महिन्यांत चार सर्टिफिकेशन्स, असा बेत मी भिंतीवर चिकटवला होता. त्याआधी एका क्लासने नोकरीची हमी देऊन फी घेतली होती आणि हातात स्लाइड्सची चळत ठेवली होती. ती हमी कुठे गेली हे मी आता शोधत नाही. तर अशात कुणीतरी मला सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेचा डंप, म्हणजे फुटलेल्या प्रश्नोत्तरांची फाइल, पाठवली आणि मी ती घोकायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मागे येऊन कधी उभ्या राहिलात, कळलंच नाही.

तुम्ही रागावला नाहीत. फाइल बंद करायला लावलीत आणि विचारलंत, "एका मशीनला 169.254 ने सुरू होणारा पत्ता लागलाय. पुढे?"

प्रश्न डंपमधलाच होता. उत्तर 'क' होतं, हेही मला आठवत होतं. पण तुमच्या प्रश्नाला अ, ब, क, ड नव्हते. पर्याय काढून घेतल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नाही. असे डंप वापरल्याचं उघड झालं तर मिळालेलं सर्टिफिकेटही रद्द होऊ शकतं, हे मला नंतर कळलं. पण त्या दुपारची शरम त्याहून मोठी होती.

तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, म्हणून मला दोन दिवस लागले. मशीनने डीएचसीपी सर्व्हरकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे, पत्ता मागितला, कुणी ओ दिली नाही, तेव्हा त्याने स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतला. मग शेजारच्या मशीनला पत्ता मिळतोय का ते बघायचं. त्याला मिळत असेल तर सर्व्हरवरचा संशय बराच कमी होतो. उरतात केबल, किंवा भलत्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या भलत्याच गटात, टाकलेला स्विचचा पोर्ट. एका आकड्यातून एवढं वाचता येतं, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा हे काम आवडलं. तोवर मला फक्त पगार आवडणार होता.

मग तुम्ही भंगारात निघालेला तो बिजागरी मोडलेला लॅपटॉप दिलात. "यावर लिनक्स टाक आणि मोड. मोडल्याशिवाय माझ्याकडे येऊ नकोस." मी आज्ञाधारक. परवानगीचा एरर आला म्हणून सगळ्या सेटिंग्ज असलेल्या अख्ख्या इटीसी फोल्डरला सरसकट 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, लावून मोकळा झालो. तर ॲडमिनचे अधिकार मिळवून देणारा सूडोच संपावर गेला: माझी फाइल कुणीही बदलू शकतं, अशात मी काम करणार नाही. बरोबरच होतं त्याचं. पेन ड्राइव्हवरून बूट करून त्याच्या सूडोअर्स फाइलची परवानगी परत 440, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करण्यात आणि बाकीचा पसारा आवरण्यात रविवार गेला.

हे सगळं वहीत लिहायला तुम्ही लावलंत. तीन रकाने: काय दिसलं, मला काय वाटलं, काय निघालं. मधला रकाना खोडायचा नाही, हा तुमचा नियम. पहिल्या वहीतला तो रकाना वाचवत नाही. मी जवळपास प्रत्येक वेळी डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर, आळ घेतला आहे.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी अजून भांडेन. सर्टिफिकेट म्हणजे कागद, असं तुम्ही म्हणायचात. ज्याने कॉलेजात हे विषय शिकले त्याच्यासाठी असेलही. माझ्यासारख्याला आपल्याला काय काय येत नाही हेच माहीत नसतं, आणि ती यादी मला परीक्षेच्या अभ्यासक्रमातून मिळाली. आधी ए प्लस या पायाभूत परीक्षेचे दोन पेपर दिले, मग सीसीएनए. एकशे वीस मिनिटांच्या त्या परीक्षेत मी पहिल्यांदा सबनेटिंगवर, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडण्याच्या गणितांवर, अडकून आपटलो. त्यानंतर तुम्ही रोज सकाळी कागदावर पाच गणितं घालू लागलात, कॅल्क्युलेटर बंद. स्लॅश 26 आकाराचा तुकडा म्हणजे 64 पत्ते, राखीव दोन वजा, वापरायला 62. दुसऱ्यांदा पास झालो. कागद असेल, पण गणितं तुम्हीच घातलीत.

रेझ्युमेतलं 'लिनक्समध्ये निष्णात' तुम्ही लाल पेनाने उडवलंत. त्या जागी 'लिनक्स अनेकदा मोडून पुन्हा उभं केलं आहे' असं मी चिडून लिहिलं. ते तुम्ही ठेवलंत! मुलाखतीत ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर काय होतं, हा ठरलेला प्रश्न आला. डीएनएसचा 53 पोर्ट, जोडणी करणारा टीसीपीचा हँडशेक, सुरक्षित साइटचा 443 पोर्ट इथपर्यंत गेलो आणि टीएलएसच्या, म्हणजे एन्क्रिप्शनच्या, बारकाव्यांत अडखळलो. "इथून पुढे मला नीट येत नाही, पण वायरशार्क लावून नेटवर्कवर काय जातंय-येतंय ते बघेन," एवढं म्हणालो. समोरच्यांनी पुढचा प्रश्न सोडला आणि ते मोडण्याचं काय लिहिलंय, ते विचारलं. उरलेला वेळ आम्ही 777 वरच बोलत होतो.

लॅपटॉप अजून माझ्याकडे आहे. परत मागू नका. गेल्या आठवड्यात, सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ चुकली आणि तो थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसला. वहीत नोंद केली आहे. मधल्या रकान्यात, सवयीने, 'डीएनएस' लिहून बसलो होतो. खोडलेलं नाही.

तुमचा,
हेल्पडेस्कवाला