औषधांच्या खिडकीमागच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या खिडकीसमोर रोज एवढी रांग असते, मी आठवणार नाही कदाचित. खूण सांगते. दर पंधरा दिवसांनी सांधेदुखीवरच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि सोबत अ‍ॅसिडिटीच्या औषधाची बाटली नेणारी, बोटांचे सांधे सुजलेली बाई. त्या दिवशी गोळ्या हातात द्यायच्या आधी तुम्ही थांबलात आणि हळू आवाजात विचारलंत, "काकू, शौचाला काळं होतं का? डांबरासारखं?" मी म्हटलं, होतं कधी कधी, लोहाच्या गोळ्यांनी होत असेल. तुम्ही विचारलंत, "त्या चालू आहेत अजून?" त्या बंद होऊन दोन महिने झाले होते. बोलता बोलता माझं मलाच उमगलं आणि हातपाय गार पडले.

तुम्ही गोळ्या दिल्या नाहीत, तडक डॉक्टरांकडे पाठवलंत. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात रक्त झिरपणारा अल्सर निघाला. पोट फारसं दुखलंही नव्हतं. दुखणार कसं, मी रोज वेदनाशामकच घेत होते.

अल्सर भरेपर्यंत डायक्लोफेनॅक बंद. ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटायची नाहीत. शर्टाचं वरचं बटण काजापाशी न्यायचं, ते निसटायचं, पुन्हा न्यायचं. संधिवाताला आवर घालणारं दुसरं औषध चालूच होतं, पण त्याचा गुण यायला वेळ लागतो. वेदना मात्र रोज सकाळी हजर. म्हणून अल्सर भरल्याची खात्री करून डॉक्टरांनी जोडगोळी लिहून दिली, एकाच गोळीत डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅम. ती घ्यायची मला भीती वाटत होती. पुन्हा तेच औषध?

तेव्हा तुम्ही पाकिटाच्या मागे पेनने दोन वर्तुळं काढलीत, एकात एक. आतलं डायक्लोफेनॅक, त्यावर जठरातल्या आम्लात न विरघळणारं आवरण, आणि सगळ्यात बाहेर मिसोप्रोस्टॉल. म्हणूनच गोळी चावायची नाही, कुटायची नाही, अख्खी गिळायची. मी विचारलं, मग नुसतं आवरण असलं तरी पुरे की? आणि मी तर नेहमी जेवूनच घेत होते. यावर तुम्ही जे सांगितलंत ते मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. अपाय केवळ गोळी पोटात टेकल्याने होत नाही. औषध रक्तात गेल्यावर शरीरभर प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते एक रसायन, कमी करतं. सांध्यांत ते कमी झालं की सूज ओसरते, पण जठराच्या आतल्या अस्तराला तेच प्रोस्टाग्लँडिन राखत असतं. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी पोटाला धोका राहतोच. मिसोप्रोस्टॉल हे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिन, पोटात पडलेली तूट भरून काढणारं. अशी वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिन कमी करतात हा उलगडा १९७१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी केला आणि १९८२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, हे मी नंतर वाचलं. पण मला तो तुमच्या दोन वर्तुळांतूनच कळला.

धोका कमी होतो, संपत नाही, हेही तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. हृदय आणि मूत्रपिंड यांना या गोळीचं संरक्षण नाही, म्हणून रक्तदाब आणि मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहा, म्हणालात. सुरुवातीला जुलाब होतील, जेवणासोबत घ्या, मॅग्नेशियमवालं अँटासिड घेऊ नका, त्याने जुलाब वाढतात. झालेही आठवडाभर. आधी सांगितलं नसतंत तर मी घाबरून गोळी सोडून दिली असती.

आणि निघताना तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "घरात कुणी गरोदर आहे का?" माझी सून चार महिन्यांची गरोदर होती. मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावतं, गर्भपात होऊ शकतो, ही गोळी तिच्या हाती लागू देऊ नका, असं तुम्ही दोनदा बजावलंत. ताई, आमच्या घरी माझ्या गोळ्यांचा डबा सगळ्यांसाठी उघडा असायचा. कुणाची कंबर धरली की "आईंची एक गोळी घे" हे ठरलेलं. त्याच आठवड्यात सुनेची कंबर दुखत होती. तिने डबा मागितला आणि मी तो दिला नाही, तिला डॉक्टरांकडे नेलं. तुम्ही विचारलं नसतं तर मी माझ्याच हाताने दिली असती. हे लिहितानाही घशाशी आवंढा येतो.

नात आता पाच महिन्यांची झाली. तिच्या झबल्याचे बंद मी बांधते, बोटं थोडी कुरकुरतात पण बांधून होतात. डब्याला कुलूप आहे आणि झाकणाच्या आत तुमची दोन वर्तुळं चिकटवलेली आहेत. पुढच्या तपासणीला येईन तेव्हा तिला सोबत आणणार आहे. रांग संपेपर्यंत आम्ही थांबू.

तुमची,
काकू