तपासणीचा निकाल गिऱ्हाइकालाही दिसू द्या

महोदय,

दिवाळी जवळ आली की खवा जप्त केल्याच्या, तेलाचे नमुने घेतल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि भाऊबीज उरकली की त्या थांबतात. गेली चौदा वर्षे कराडमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवीत असल्याने या विषयाकडे मी गिऱ्हाईक आणि व्यावसायिक अशा दोन्ही नात्यांनी पाहते. तपासण्या कमी होतात हे खरेच. परंतु ज्या होतात त्यांचा निकाल फायलीत पडून राहतो, हे मला अधिक खटकते.

कायदा तोकडा नाही. अस्वच्छ जागेत अन्न शिजवणाऱ्यास 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 56 नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणे 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे. मात्र एका दुकानात, माझ्यासमोर, मुलाने पाटीवरची कालची तारीख ओल्या अंगठ्याने पुसली आणि मार्करने पुढची घातली. बर्फी तीच, ट्रेही तोच! तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असाही नियम आहे. वडापावच्या गाडीवर संध्याकाळपर्यंत काकवीसारखे झालेले तेल रात्री डब्यात ओतून सकाळी त्यातच नवे मिसळले जाते, तिथे ही टक्केवारी कोण मोजणार?

अन्न व औषध प्रशासनाचा भर नमुन्यांवर दिसतो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे. तो वेळेत आला असे धरले, तरी ज्या पेढ्याचा नमुना घेतला त्याचे भाऊबंद तोवर लोकांच्या पोटात गेलेले असतात. याउलट पाण्याची टाकी, मोरी, आचाऱ्याची नखे, कच्च्या-शिजवलेल्या पदार्थांची ठेवण या गोष्टी डोळ्यांनी तिथल्या तिथे कळतात. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या अधिकाऱ्यांनी टाकीचे झाकण उघडून पाहिले, बायकांच्या वैद्यकीय तपासणीचे दाखले मागितले, ‘ठीक आहे’ म्हणाले आणि गेले. ते ‘ठीक आहे’ माझ्या गिऱ्हाइकांना कधी कळलेच नाही, आणि ज्यांना सुधारणेची नोटीस मिळते त्यांच्याकडची रांगही त्यामुळे कमी होत नाही.

ब्रिटनमधील वेल्समध्ये खाद्यविक्रेत्यांना शून्य ते पाच असे स्वच्छतेचे गुण मिळतात आणि ते दारावर लावणे नोव्हेंबर 2013 पासून सक्तीचे आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची स्वच्छता मानांकन योजना आहे, पण ती ऐच्छिक; साहजिकच ज्याची मोरी तुंबलेली, तो त्या वाटेला जाणार नाही. गाडीवाल्यांना लगेच गुणांकन लावणे कठीण आहे, हे मी मान्य करते, कारण नळाचे पाणीच न मिळणाऱ्याला स्वच्छतेचे गुण काय देणार? त्यांना आधी पाणी द्यावे. परंतु पक्क्या जागेतील उपाहारगृहे, मिठाईची दुकाने व आमच्यासारखी केंद्रे यांच्या दर्शनी भागी शेवटच्या तपासणीची तारीख आणि शेरा अधिकाऱ्याच्या सहीने लावण्याची सक्ती प्रशासनाने करावी, अशी माझी विनंती आहे.

टाकी धुतल्याची तारीख आणि कामगारांचे दाखले मी वर्षभरापूर्वीच काउंटरमागे टांगले आहेत. आजवर एकाच गृहस्थांनी ते वाचले आणि पोळीचा दर का वाढला, असे विचारले.

आपली,
एक पोळी-भाजी केंद्रचालक, कराड