रुग्णाआधी बाटली नागपूरला येऊ द्या

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : तोंडातल्या संशयास्पद चट्ट्यांची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) तालुक्याच्या ठिकाणी होण्याबाबत

मा. महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता, तेव्हा खर्रा बघायला विधानभवनापासून फार लांब जावं लागत नाही. कुठल्याही पानठेल्यावर किसलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटणारे हात दिसतील. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. खर्रा मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तयार होतो, त्याला ना वेष्टन ना कंपनी. पण हे पत्र बंदीबद्दल नाही. तो विषय दुसऱ्या खात्याचा, आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही नागपुरातले दंतवैद्य लिहितो आहोत ते खर्रा खाऊन झालेल्या तोंडाबद्दल. त्यातला पहिला चट्टा कोणी पाहायचा, त्याचा तुकडा कोणी काढायचा आणि तो तुकडा नागपूरच्या सूक्ष्मदर्शकाखाली पोचायला किती दिवस लागावेत, एवढाच प्रश्न आहे.

कागदावर व्यवस्था आहे. आशा सेविका तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’, म्हणजे आजारांचा धोका ओळखायचा, फॉर्म भरते. तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, आवाज बदलला आहे का, असे नेमके प्रश्न त्यात आहेत. ज्याने ते घातले त्याला विषय कळत होता. पुढे आरोग्य कर्मचाऱ्याने तोंड पाहायचं आणि संशय आला तर वर पाठवायचं. पूर्व विदर्भात ‘वर’ म्हणजे बहुतेक वेळा नागपूर. म्हणजे शासकीय दंत महाविद्यालय, मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि अलीकडे जामठ्याचं कॅन्सर रुग्णालय व एम्स.

धागा तुटतो तो इथे. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एक खेप ओपीडीची, दुसरी बायोप्सीची, तिसरी टाके काढून अहवाल घेण्याची. सोबत येणारा धरला तर सहा दिवसांची मजुरी बुडते. हे सगळं कशासाठी, तर जो चट्टा दुखत नाही, जेवताना अडत नाही आणि आरशातही दिसत नाही त्याच्यासाठी. माणूस येत नाही यात नवल नाही. तो येतो गालाला भोक पडल्यावर किंवा दात आपोआप हलायला लागल्यावर. तोवर रोग जबड्याच्या हाडात शिरलेला असतो, आणि २ सेंटिमीटरच्या आत असताना जे छोट्या शस्त्रक्रियेत निभावलं असतं त्यासाठी जबडा कापावा लागतो.

म्हणून आमचं मागणं एका वाक्यात असं : जिथे शासकीय दंतशल्यचिकित्सक आहे, त्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात बायोप्सी व्हावी, आणि रुग्णाच्या आधी त्याच्या तुकड्याची बाटली नागपूरला यावी.

यात अवघड काही नाही. बायोप्सीला २ टक्के लिग्नोकेन हे भुलीचं औषध लागतं, १५ नंबरचं ब्लेड, सुई धरायचा चिमटा, ३-० सिल्कचा धागा आणि गॉज लागतो. जिथे दात काढले जातात तिथे हे सामान आधीपासून पडून आहे. नसते ती फॉर्मलिन (तुकडा कुजू न देणारं द्रावण) भरलेली बाटली, आणि ‘तुम्ही हे करायचं आहे’ असं सांगणारा लेखी आदेश. आदेश नसला की दंतवैद्य नागपूरची चिठ्ठी लिहून मोकळा होतो. आम्ही त्याला दोष देत नाही. बायोप्सीनंतर नातेवाईक ‘सुई लावली म्हणून पसरला’ म्हणत दारात उभे राहिले, तर त्याच्या पाठीशी कोण आहे? आदेशात हेही यायला हवं की तुकडा काढल्याने रोग पसरत नाही, आणि अहवालाशिवाय पुढचा उपचार ठरवता येत नाही.

तुकडा कसा काढायचा यावर एक दिवसाचं प्रशिक्षण पुरे, पण ते हाताने करून घेतलेलं असावं, पडद्यावर दाखवलेलं नको. चुका ठरलेल्या असतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे जखमेच्या मधोमध तुकडा घेणं. तिथे मेलेल्या पेशी आणि पू असतो, अहवाल ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा येतो आणि रुग्णाला पुन्हा बोलवावं लागतं. तुकडा काठावरून घ्यायचा, जिथे जखम आणि बरी त्वचा भेटते तिथून. पांढऱ्या चट्ट्यात कुठे लाल किंवा ठिपकेदार भाग असेल तर तो आधी, कारण लाल भाग पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. भुलीची सुई चट्ट्यात टोचली तर पेशी फुगतात, म्हणून ती सेंटिमीटरभर बाजूला, चारी दिशांनी द्यायची. तुकडा ४–५ मिलिमीटर खोल हवा. वरचा पापुद्रा खरवडून पाठवला तर रोग खालच्या थरात शिरला आहे की नाही हे कळायला मार्ग उरत नाही, आणि कर्करोगाचं निदान त्यावरच ठरतं. दाताळ चिमट्याने तुकडा दाबला तर पेशी चिरडतात. त्याऐवजी त्यातून एक धागा ओवून तो हलकेच वर उचलावा. आणि चट्टा छोटा आहे म्हणून तो सगळाच कापून टाकण्याचा मोह आवरावा. अहवालात कर्करोग निघाला, तर नागपूरच्या सर्जनला जखम भरलेली दिसते आणि कडा कुठे होत्या ते सांगणारं काही राहत नाही.

आता बाटली. तिच्यावर आम्ही जास्त लिहिणार आहोत, कारण काम बहुतेक तिथेच बिघडतं. तुकडा कधी सलाईनमध्ये येतो, कधी स्पिरिटमध्ये, कधी कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून. सलाईनमधला तुकडा नागपूरला पोचेपर्यंत कुजायला लागतो. इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत घातलेला तुकडा फॉर्मलिनने कडक होतो आणि अरुंद तोंडातून बाहेर निघत नाही. मग कुपी फोडावी लागते. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची ३० मिलिलिटरची प्लास्टिक बाटली घ्यावी. त्यात १० टक्के बफर्ड फॉर्मलिन तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट, शक्यतो वीसपट असावं. ते बनवायला १ भाग बाजारातलं फॉर्मलिन आणि ९ भाग पाणी, शिवाय दर लिटरमागे ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल). हे तालुक्यात कोणी मोजत बसू नये. नागपुरात एका जागी बनवून भरलेल्या बाटल्याच पाठवाव्यात. नाव झाकणावर लिहू नये, बाटलीच्या अंगावर लिहावं. प्रयोगशाळेत चार झाकणं एकदम उघडली की चार रुग्णांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. फॉर्मवर वय, सवय आणि ती किती वर्षांची, चट्टा कोणत्या बाजूला, किती मिलिमीटरचा आणि तुकडा नेमका कुठून घेतला हे असावं. ‘ओरल लिजन, एचपीई’ (तोंडातली जखम, सूक्ष्मदर्शकाखाली तपासा) एवढंच लिहून आलेल्या फॉर्मवरून आम्हाला अर्धंच दिसतं.

फॉर्मलिनमधल्या तुकड्याला बर्फ लागत नाही, फ्रीज लागत नाही, उलट तो गोठवूच नये. दोन-तीन दिवस प्रवासात गेले तरी बिघडत नाही. क्षयरोग कार्यक्रमात थुंकीचे नमुने गावातून तपासणीच्या ठिकाणी नियमित जातात. त्याच फेरीत, स्वतंत्र घट्ट डब्यात, या बाटल्या बसल्या तर वेगळी गाडी लागणार नाही.

पण तुकडा कोणाचा काढायचा हे आधी दिसायला हवं. तपासणीच्या नावाखाली पिवळ्या टॉर्चमध्ये ‘आ करा’ म्हणून जीभ आणि घसा पाहिला जातो. पिवळ्या उजेडात पांढुरका आणि फिकट लाल यातला फरक मरतो, म्हणून पांढरा एलईडी हवा. इथला कर्करोग बहुधा खर्रा ठेवतात तिथे, म्हणजे गालाच्या आत आणि गाल व हिरडीमधल्या खळगीत असतो, आणि गाल ओढल्याशिवाय ती खळगी दिसत नाही. दोन आरसे किंवा दोन लाकडी पट्ट्या घेऊन गाल बाहेर ओढायचा. कवळी असेल तर आधी काढायला लावायची. जीभ गॉजने धरून एकेका बाजूला खेचायची आणि तिची कड मागपर्यंत बघायची. जिभेखालचा तळ, टाळू आणि शेवटच्या दाढेमागची जागा राहून जाते, ती पाहायची. मग हातमोजा घालून बोट फिरवायचं. डोळ्याला साधी वाटणारी जखम बोटाला कडक लागली तर दोन आठवडे थांबायचंही कारण नाही. शेवटी जबड्याखाली आणि मानेत गाठी चाचपायच्या. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात.

पांढरं दिसलं की सगळं कर्करोग, असं शिकवलं तर आमच्या ओपीडीत फोर्डाइसचे पिवळसर, निरुपद्रवी दाणे आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या, नैसर्गिक गाठी दाखवायला रांग लागेल. गॉजने पुसल्यावर निघणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो, न निघणारा पाहावा लागतो. दोन्ही गालांवर जाळीसारख्या पांढऱ्या रेषा असतील तर लायकेन प्लॅनस या वेगळ्या आजाराचा विचार करावा. तुटक्या दाताने घासून झालेली जखम दात गुळगुळीत केल्यावर दोन आठवड्यांत भरते. भरली नाही, तर ती दाताची नव्हती.

या दोन आठवड्यांचाच सगळ्यात जास्त बोजवारा उडतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, तोंडात लावायचं मलम, मग दुसरं मलम, मग ‘पोटातली उष्णता’, असे महिने निघून जातात. आदेशात साधं वाक्य घाला : तोंडातल्या जखमेसाठी मलमाची दुसरी ट्यूब लिहिण्याआधी तोंड तज्ज्ञाला दाखवायचं. तसंच, बाकी दात धड असताना एकच दात हलत असेल, तर एक्स-रे काढल्याशिवाय तो उपटू नये. तो दात कधी कधी गाठीत बसलेला असतो आणि खड्डा भरण्याऐवजी त्यातून मांस वाढून बाहेर येतं.

सुपारीबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे, कारण कार्यक्रमातली तिशीची अट इथे आडवी येते. सुपारीने गालाखालचे तंतू जाड होतात, गाल संगमरवरासारखा फिक्कट पडतो आणि आत उभ्या दोऱ्या हाताला लागतात. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तो विशीतल्या पोरांत दिसतो. पहिलं लक्षण म्हणजे जळजळ : सावजी रस्सा झोंबायला लागतो, घरचे ‘पित्त झालं’ म्हणतात, आणि पोरगा तिखट सोडतो, खर्रा सोडत नाही. मग फुगा फुगवता येत नाही, शिट्टी वाजत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का, ही तपासणी शाळेच्या मास्तरांनाही करता येईल. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो, आणि तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलं आहे. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ असं सांगणारा आशाच्या फॉर्ममधून सुटता कामा नये, आणि वयाची अट तोंडापुरती अठरावर आणावी.

नुसत्या डोळ्यांनी पाहून फरक पडतो का, असं कोणी विचारलं तर केरळ दाखवा. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर तोंडं तपासली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. त्या पाहण्यामागे बायोप्सी आणि उपचार उभे होते. आपल्याकडे पाहणं आहे, मागचं उभं नाही. आणि मध्येच कोणी तोंडात निळा उजेड टाकून कर्करोग ‘चमकवणारं’ यंत्र विकायला आलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. साधी सूजही त्यात काळी दिसते, तुकडा काढावा लागतोच. तेवढ्या पैशात काप घेणारे तंत्रज्ञ नेमा. तुकडा मेणात बसवून त्याचे ४–५ मायक्रॉनचे काप घेणारा हात कुशल नसेल, तर पुढचा तज्ज्ञ काय वाचणार?

इथे दोन खात्यांची अडचण आहे. ग्रामीण रुग्णालयं आपली, दंत आणि वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. बाटली एका खात्यातून निघते आणि दुसऱ्या खात्यात पोचते, म्हणून दोन्ही सचिवांच्या सहीचा एकच आदेश हवा. त्यात मुदत असावी : तुकडा पोचल्यापासून सात दिवसांत अहवाल. हाड असेल तर ते आधी मऊ करावं लागतं, तिथे जास्त दिवस धरा. अहवालात ‘दिलेल्या तुकड्यात कर्करोग आढळला नाही’ असं आलं आणि तरीही जखम कडक असेल, तर पुन्हा बायोप्सी करायची, रुग्णाला घरी पाठवायचं नाही, हेही लिहा. आमच्या त्या वाक्यातला ‘दिलेल्या तुकड्यात’ हा शब्द फार थोडे लोक वाचतात.

राहिला फोन. अहवाल तयार होऊन फाइलला लागतो आणि रुग्णाला कोणी कळवत नाही, असं घडतं. तो कळवण्याचं काम ‘संबंधितांनी’ करायचं नाही. आदेशात पद लिहा. आमच्या मते ते तालुक्याच्या दंतशल्यचिकित्सकाचं असावं, कारण तुकडा त्याने काढलेला असतो आणि रुग्ण त्याला ओळखतो. गावात रेंज नसेल तर निरोप आशामार्फत जावा, आणि निरोप पोचल्याची तारीख त्याच फॉर्मवर चढावी.

आपले,
नागपुरातील मुखरोगनिदान आणि ओरल पॅथॉलॉजी या विषयांत काम करणारे काही दंतवैद्य