सेंट हेलेनाच्या दुकानदार ताईंना

प्रिय ताई,

तुमच्या नावाने इंग्रजीत लिहिलेलं पत्र कधीच टपालात टाकलंय. ते पोचेल तेव्हा पोचेल. हे दुसरं पत्र मराठीत लिहितेय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं. तुमचं नाव लिहीत नाही. साडेचार हजारांच्या आसपास वस्तीचं बेट, ओळखणारे ओळखतीलच. पण तुम्हाला गवगवा आवडायचा नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

आधी ज्यांनी मला वाऱ्यावर सोडलं त्यांच्याबद्दल बोलू द्या. त्याशिवाय माझं मन मोकळं व्हायचं नाही.

निघण्यापूर्वी परकीय चलनाच्या दुकानात मी स्पष्ट सांगितलं होतं की सेंट हेलेनाला चाललेय, तिथे एटीएम नाही, मला पौंडाच्या नोटा द्या. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे प्रवासाला निघताना ३,००० डॉलरपर्यंतची रोकड नेता येते. मी त्याच्या पाव हिश्शाइतकीही मागत नव्हते. तिथल्या साहेबांनी थोड्या नोटा हातावर टेकवल्या आणि बाकीच्या पैशांचं ट्रॅव्हल कार्ड भरून दिलं. "मॅडम, हे जगात कुठेही चालतं." आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळजवळ दोन हजार किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये असलेलं हे बेट नकाशात कुठे आहे, हे बघायचीही त्यांना गरज वाटली नाही. ज्या गिऱ्हाइकावर सगळी कमाई, त्याचं ऐकून घ्यायला दोन मिनिटं नाहीत!

तुमच्या बेटावर बँक एकच. पासपोर्ट आणि कार्ड दाखवलं की काउंटरवरून रोकड मिळते, हे मी वाचून गेले होते. तिथल्या मुलीने माझं कार्ड पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि दर वेळी नकार आला. तिचा काडीचा दोष नव्हता, तरी तीच माझी माफी मागत होती. मग कार्डवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन लावला. मिनिटामिनिटाला पैसे जात होते आणि पलीकडे गाणं वाजत होतं. अखेर एकजण बोलला. ओळख पटवायला ओटीपी सांगा म्हणाला. तो ओटीपी ज्या नंबरवर गेला, त्या सिमला तुमच्या बेटावर रेंजच नव्हती. तसं सांगितलं तर त्याने तेच वाक्य परत म्हटलं. मी म्हटलं, अहो, मी समुद्राच्या मधोमध आहे, पुढचं विमान शनिवारी आहे, तोवर मी करू काय? "आणखी काही मदत करू शकतो का?" असं विचारून त्याने फोन ठेवला.

राहण्याचे पैसे आधीच भरले होते, डोक्यावर छप्पर होतं. पण रोजच्या पावाला, बसला, तिकिटाला नोटाच लागतात, आणि त्या संपत आल्या होत्या. परक्या देशात पर्समध्ये हात घालून आतल्या आत नाणी चाचपायची, बाहेर काढायची नाहीत, हे या वयात पहिल्यांदा केलं.

त्या दिवशी तुमच्या दुकानात मी पाव, दूध आणि केळी घेऊन रांगेत उभी होते. माझा नंबर आला तेव्हा दूध बाजूला काढून ठेवलं आणि म्हटलं, हे राहू दे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. नेपोलियन जिथे कैदेत होता आणि जिथे वारला, त्या लाँगवूडला बस किती वाजता जाते, हे मी तुम्हाला आदल्या दिवशी विचारलं होतं. आज तुम्हीच विचारलंत, गेला होतात का? मी म्हटलं, बघू, जमलं तर. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. आत जाऊन आलात, सगळं पिशवीत भरलंत, बाजूला ठेवलेलं दूधसुद्धा, आणि "नंतर बघू" एवढंच म्हणून माझ्या मागच्या गृहस्थांशी जहाज कधी लागणार यावर बोलायला लागलात.

खोलीवर येऊन पाव उचलला तर खाली पाकीट. पाच-पाच पौंडांच्या नोटा आणि मूठभर नाणी. वर पेन्सिलीने लिहिलेलं: "बससाठी. सुटे आहेत."

ताई, पैसे पुष्कळांनी दिले असते. रांगेतल्या कुणालाही सांगितलं असतं तर त्यानेही दिले असते, इतकी तुमची माणसं चांगली आहेत. पण मला ते सांगावं लागू नये म्हणून तुम्ही ते पावाखाली ठेवलेत. चारचौघांत माझा हात पसरू दिला नाहीत. आणि सुटे! विसाची नोट घातली असतीत तर ती मोडायला मला पुन्हा कुणापुढे तरी उभं राहावं लागलं असतं. माझी गरज काय आहे याच्यापुढे जाऊन, ती भागवताना मला कुठे कुठे अवघडायला होईल, एवढा विचार तुम्ही दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना, आत जाऊन येईपर्यंतच्या वेळात केलात. मी ती नाणी पलंगावर मांडून बसले आणि मला रडू आवरेना. पाच पेन्सवर कासव, पन्नासावर समुद्रातलं कासव, वीस पेन्सवर तुमच्या एबनीचं फूल. ते झाड कायमचं संपलं असं सगळे धरून चालले होते आणि १९८० साली एका कड्यावर त्याची झुडपं सापडली, हे तुमच्याच बेटावर एका बागेत ऐकलं.

त्या सुट्या पैशांनी मी लाँगवूडला गेले. वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेला तो शेवटचा धडा, ५ मे १८२१, त्या घरात उभं राहून पाहिला. दरीतली कबरही पाहिली, १८४० साली फ्रेंचांनी त्याचा देह नेल्यापासून रिकामी असलेली. पण खरं सांगते, त्या दिवशी माझ्या डोक्यात नेपोलियन फारसा नव्हता. तुमच्या बेटाचा दुसराच इतिहास फिरत होता. नेपोलियननंतर इथे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंचा राजा दिनुझुलू कैदेत आला, मग तिथल्याच बोअर युद्धात इंग्रजांनी पकडलेले काही हजार कैदी आले. त्याआधी, १८४० पासून पुढे, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले पंचवीस हजारांच्या आसपास आफ्रिकी लोक इथे उतरवले गेले. हजारो जण रूपर्ट्सच्या दरीत पुरले गेले. सत्ताधाऱ्यांनी आपली अडचण पिढ्यान्‌पिढ्या या खडकावर आणून टाकली. त्याच खडकावर आज रस्त्याने जाणारा प्रत्येक गाडीवाला अनोळखी माणसाला हात करतो. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला या दोन गोष्टींचा संबंध आहे असंच वाटतं, पुरावा मागाल तर माझ्याकडे तुमचं पाकीट आहे.

पुढे माझे पैसे कसे आले त्याची लांबण लावत नाही. माझ्या मुलीने तिकडून जिवाचं रान केलं, घरमालकांनी मधे हात दिला. पैसे परत द्यायला आले तेव्हा तुम्ही ते घेण्याआधी विचारलंत, "विमानात बसेपर्यंतचे ठेवलेत ना?" आणि वर आठवण केलीत की सेंट हेलेनाच्या नोटा बाहेर सहसा कुणी घेत नाही, उरलेल्या इथेच बँकेत देऊन इंग्लंडच्या पौंडांत बदलून घ्या, बरोबरीनेच मिळतात. ज्यांनी माझ्याकडून शुल्क घेतलं त्यांना हे सांगायचं सुचलं नव्हतं.

त्या परकीय चलनवाल्यांना मी तक्रार लिहिली आहे. उत्तरात छापील दिलगिरी आली. त्यावर मी आणखी लिहिणार आहे, सोडणार नाही, कारण माझ्या जागी कुणी औषधाच्या पैशांसाठी अडलेलं असू शकतं.

माझी एक विद्यार्थिनी आणि तिचा नवरा तुमच्याकडे यायचं ठरवताहेत. त्यांना बजावून सांगितलंय की पौंडाच्या नोटा, त्याही लहान, घेतल्याशिवाय निघू नका. माझ्या साडीच्या पदराला हात लावून तुम्ही विचारलं होतंत, हे सुती का? त्यांच्याबरोबर एक सुती साडी पाठवतेय, निळी, बारीक काठाची. पडदे करा, अंगरखा शिवा, काहीही करा. पैसे देऊ केलेत तर ते घ्यायचे नाहीत, असं तिला सांगून ठेवलंय.

तुमची,
लाँगवूडची बस विचारणारी बाई